बसला सामोरं जाताना

११ नोव्हेंबर. स्वयंसेवकांची नारिंगी जॅकेटं धुवायला घेतली आहेत. कॉलेजच्या लाँड्रीतलं मोठं मशीन गेल्या महिन्यात बंद पडलं. ते दुरुस्त करायचं की टाकून द्यायचं यावर अजून मीटिंगा चालू आहेत, म्हणून काळ्या पिशव्यांत भरून जॅकेटं घरी आणली. आमच्या मशीनमध्ये एका वेळी मोजकीच बसतात. एक जास्तीचं कोंबलं की मशीन थरथरत भिंतीकडे चालायला लागतं. तळघरात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आहे आणि खाली जुने टॉवेल पसरलेत. ओल्या नायलॉनचा, रबराचा आणि मागच्या हंगामातल्या चिखलाचा मिळून एक वास सुटला आहे.

श्रीकांत, माझा नवरा, वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो. कॉल संपवून तो जिना उतरून आला. इकडे शिकारी असलंच नारिंगी घालून जंगलात जातात. दोरीकडे बघून तो म्हणाला, "हे काय, शिकाऱ्यांचं संमेलन भरवलंयस?"

"जॅकेटं आहेत."

"ते दिसतंय. बिडचं काय ठरलं?"

"आधी जॅकेटं वाळू देत."

तो परत वर गेला. इतक्या वर्षांत त्याला एवढं कळलं आहे की मी कपड्यांबद्दल बोलायला लागले की मला दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं नसतं.

बिड, म्हणजे यजमानपदासाठीची मागणी, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात कामाला आहे. खेळणारे खेळतात, शिकवणारे शिकवतात आणि उरलेलं सगळं माझ्याकडे येतं: पार्किंग, पिण्याचं पाणी, अंपायरांचं जेवण, ॲम्ब्युलन्स, झेंडे, टॉयलेट पेपर. तिसऱ्या विभागातल्या, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटातल्या, मुलींच्या हॉकीचं राष्ट्रीय अजिंक्यपद कुठे भरवायचं हे दर काही वर्षांनी ठरतं. पूर्वी एकदा ते आमच्याकडे झालं होतं. आता पुन्हा मागायचं की नाही, हा प्रश्न आहे.

प्रश्न नुसत्या हौसेचा असता तर मी केव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते. पण आमचं टर्फ, म्हणजे मैदानावरचं कृत्रिम गवत, म्हातारं झालंय. जोड उसवलेत, गोलपोस्टच्या पुढ्यात पट्ट्या चिकटवून चालवतोय. कॉलेजचं म्हणणं सरळ आहे. यजमानपद मिळत असेल तर टर्फ बदलू. नसेल, तर आहे ते टिकेल तोवर मुली खेळतील आणि मग हॉकी बंद. आमच्या क्रीडा विभागाचा प्रमुख डेव्ह मला म्हणाला, "तू करणार असशील तर मी सही करतो. तू नाही म्हणालीस तर मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारणार नाही." डेव्ह भला माणूस आहे. त्याच्या भलेपणामुळेच सगळं माझ्या गळ्यात येतं.

स्पर्धा आमच्याकडे झाली त्या वर्षीचा नोव्हेंबर असाच होता. मेपलची पानं गळून काळी पडलेली, लाकडाच्या शेगड्यांचा धूर गल्लीत खाली बसलेला, दुपारी चारलाच उजेड मलूल. आमचं गाव स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर. तिकडे मोठ्या युनिव्हर्सिटीचा फुटबॉलचा सामना असला की सगळ्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. आमच्याकडे मुलींच्या हॉकीला येणारे म्हणजे आईबाप, दोनतीन कुत्री आणि वाट चुकलेला एखादा प्राध्यापक. या विभागातल्या कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. मुली सकाळी अंधारात प्रॅक्टिस करतात, मग केमिस्ट्रीच्या लॅबला जातात आणि संध्याकाळी कॅफेटेरियात ताटं पुसायची नोकरी करतात. त्यांना विचारलं, कशासाठी खेळता, तर खांदे उडवतात.

तेव्हा पोस्टर लावायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, "कसली स्पर्धा?"

"हॉकी."

"बर्फ कुठाय?"

"गवतावरची हॉकी. मुलींची. राष्ट्रीय अजिंक्यपद. आपल्या गावात."

"आपल्या गावात? का?"

मी नुसतं पोस्टर पुढे केलं. त्याने ते लावू दिलं, उंदरांच्या पिंजऱ्यांच्या शेजारी.

स्पर्धेच्या समितीच्या एक बाई महिनाभर आधी पाहणी करून गेल्या. त्यांच्याजवळ नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. चारही संघांना टॉवेल सारखे, खोल्या सारख्या, फळांच्या टोपल्या सारख्या. एकीला केळं मिळालं आणि दुसरीला नाही, असं होता कामा नये. डेव्ह घाबरला होता. मी नाही घाबरले. वर्ध्याला घरातली लग्नं पाहिलेल्या बाईला मानपानाचं काय सांगता? इथे फक्त एका मांडवात चार व्याही होते आणि त्यातले तीन रडत परत जाणार होते.

बाईंना खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. "स्टँड भरेल का?" त्यांनी विचारलं. इंटरनेटवर सामना दाखवणारा कॅमेरा बरोब्बर स्टँडच्या समोर असतो. रिकामे बाक दिसले की पुढल्या वेळी कुणी बघत नाही, आणि कुणी बघितलं नाही की पुढल्या वेळी बाक रिकामेच. "छोट्या विभागाची पत वाढवायची तर आधी माणसं दिसली पाहिजेत," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. माणसं कुठून आणायची, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

आमच्या गावात एक पद्धत आहे. गावची पोरं बाहेर कुठे जिंकून आली की अग्निशमनवाल्यांच्या फायर हॉलची लाल गाडी गॅस स्टेशनपाशी जाऊन थांबते आणि सायरन वाजवत त्यांच्या बसला गावात आणते. लोक दारात येऊन हात हलवतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला हसूच आलं, कारण हे मला ओळखीचं होतं. वर्‍हाड वेशीवर आलं की मुलीकडच्यांनी वाजतगाजत सामोरं जायचं, हीच आमची रीत. आता ते लग्नाच्या हॉलच्या दारातच उरकतात, ते सोडा. पण माझ्या वडिलांचा शेवटपर्यंत हट्ट होता. पाहुणा दारात येईपर्यंत घरात बसून राहायचं नाही, एसटी स्टँडवर घ्यायला जायचं. बस उशिरा आली तर उभं राहायचं. मी त्यांच्याबरोबर तिथे उभी राहून पुष्कळ कंटाळले आहे.

मी फायर हॉलमध्ये गेले. वॉल्ट तिथला मुख्य होता. गाडी पुसत होता.

"चारही संघांना गॅस स्टेशनपासून आणायचं," मी म्हटलं.

"ते आपले नाहीत."

"चार दिवस आपलेच आहेत."

"जिंकलेले तरी आहेत का?"

"इथवर पोचलेत म्हणजे जिंकूनच आले ना?"

त्याने फडकं पिळलं. "तुमच्याकडे असं करतात?"

"आमच्याकडे मिरवणुकीत घोडापण असतो. मी तुझ्याकडे फक्त गाडी मागतेय."

वाजवायला प्राजक्ता होती. नागपूरची मुलगी, तेव्हा स्टेट कॉलेजला पीएचडी करत होती. पाच जणींत एक अपार्टमेंट, बसने जाणं-येणं आणि भाजी संपली की मॅगी. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी गणपतीसाठी ढोल-ताशांचं पथक काढलं होतं. मला फोनवर म्हणाली, "काकू, स्टेडियममध्ये वाजवू?"

"आत नाही. नियम आहे. वाद्यं, भोंगे, काही चालत नाही."

"मग कुठे?"

"वेशीवर."

"इथे कुठली वेस, यार?"

"गॅस स्टेशनपाशी. सकाळी आठला. थंडी असेल, हातमोजे आणा."

"हातमोजे घालून ताशा कसा वाजवणार, काकू?"

"मग नका घालू. पण या."

आले. उपांत्य फेरीच्या दिवशी सकाळी दंव पडलं होतं. संघ हायवेवरच्या हॉटेलांत उतरले होते, कारण आमच्या गावात एकच मोटेल आहे आणि त्याच्यात मीसुद्धा राहणार नाही. गॅस स्टेशनवाल्याने मुलांना फुकट कॉफी दिली. कुणीतरी ढोल शेकायला गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता. प्राजक्ताने स्टीलच्या ताटात निरांजन, हळद-कुंकू आणि माझ्याकडून घेतलेले तांदूळ मांडले होते. नारिंगी जॅकेट घालून मी रस्त्याच्या कडेला उभी होते. एका ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, अस्वलाच्या शिकारीला निघालात का?

वळणावर पांढरी बस दिसली. काळ्या काचांची, नाव नसलेली, जशा संघांच्या असतात तशीच. मी हात केला आणि वॉल्टने सायरन चालू केला. ढोल वाजला. थंडीने आखडलेल्या हातांनी मुलं अशी काही बडवत होती की गॅस स्टेशनचा पत्रा झणझणत होता. ड्रायव्हरने घाबरून बस थांबवली आणि दार उघडलं. प्राजक्ता ताट घेऊन आत चढली. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा जरा विचित्र होता, पण वॉल्टची गाडी निघाली, बस तिच्यामागे निघाली आणि आम्ही सगळे मागोमाग.

गावात खिडक्या उघडल्या. माणसं बाथरोबमध्ये बाहेर आली. सायरन वाजतोय म्हणजे आग लागली असणार. पण सायरनमागे हे दुसरंच काय वाजतंय? काही जण तसेच चालत आमच्या मागे लागले. हार्डवेअरवाला दुकान उघडं टाकून आला.

स्टेडियमच्या दारात डेव्ह टाय लावून उभा होता, शेजारी समितीच्या बाई. बसचं दार उघडलं. डेव्हने हात पुढे केला. एक ऐंशीच्या घरातल्या आजीबाई वॉकर घेऊन सावकाश उतरल्या. कपाळावर कुंकू. त्यांच्या मागे दुसऱ्या, त्यांच्याही कपाळावर कुंकू. मग काठी टेकत एक आजोबा.

मी प्राजक्ताचा दंड धरला. "अगं, हे कोण?"

"मला वाटलं पॅरेंट्सची बस असेल, काकू!"

"यांच्याकडे बघून तुला वाटलं?"

"मग ग्रँडपॅरेंट्स!"

कुठल्यातरी चर्चची सहल होती. जुन्या चालीने राहणाऱ्या आमिश लोकांच्या बाजारात लोणी आणि गोधड्या घ्यायला निघालेली. डेव्हने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहिलं. चार संघांना सारखं काय द्यायचं याचे सगळे नियम मला पाठ होते. पाचवी बस आली तर काय, ते कुठेच दिलेलं नव्हतं.

आजीबाईंनीच सोडवलं. त्यांचं नाव मार्जी. त्या म्हणाल्या, "इतकं वाजवून आणलंय तर काहीतरी बघायला असेलच ना?"

"हॉकी आहे," मी म्हटलं. "मुलींची."

"आम्ही कुणाच्या बाजूने?"

मी जरा विचार केला. चौथा संघ फार लांबून आला होता, हिरव्या कपड्यांचा. विमानाची भाडी परवडत नाहीत म्हणून त्यांचे आईबाप आले नव्हते. त्यांच्या मागचे बाक रिकामे राहणार होते. "हिरव्यांच्या," मी म्हटलं. "त्यांचं इथे कुणी नाही."

मार्जीने बसकडे वळून हाक दिली, "ऐकलंत का? हिरव्या!"

"आणि बाजार?" आजोबांनी विचारलं.

"बाजार कुठे पळून जातोय, हॅरल्ड?"

तोवर वॉल्ट गाडी वळवून पुन्हा वेशीवर गेला होता आणि त्याने खऱ्या चार बसेसनाही तसंच आणलं. एकीलाही कमी नाही. गाव जमलेलंच होतं.

तो दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. सामन्याआधी टर्फवर पाणी मारतात, तेव्हा कोवळ्या उन्हात उठलेले फवारे. ओल्या टर्फवर चेंडू पडला की येणारा कोरडा, टणक आवाज. मार्जीच्या मांडीवर आमचं एक नारिंगी जॅकेट. "फाऊल का दिला?" असं हॅरल्डने प्रत्येक वेळी विचारणं आणि हार्डवेअरवाल्याने, ज्याला सकाळपर्यंत या खेळाला बर्फ लागतो असं वाटत होतं, ते समजावून सांगणं. स्टँड पूर्ण भरला होता असं नाही म्हणणार मी. पण कॅमेऱ्यात बाक दिसत नव्हते.

हिरव्या ओव्हरटाइममध्ये हरल्या. हरलेला संघ मैदानातून बाहेर येतो तेव्हा माझं काम असतं त्यांना खोलीकडे नेण्याचं, आणि मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. त्या दिवशी बाहेर पडायच्या वाटेवर मार्जी वॉकर धरून उभी होती. प्रत्येक मुलीचा हात एकदा हातात घेत होती. कुंकू पुसट होऊन भुवईपर्यंत आलं होतं. मुली थांबत होत्या. वाट अडली, माझं वेळापत्रक बिघडलं. मी हटकलं नाही.

त्या सकाळचे व्हिडिओ खूप फिरले. वॉकर, सायरन, ताशा. समितीच्या बाई खूश झाल्या. पत वाढली. इतकी वाढली की पुढच्या खेपेला मोठ्या शहरांनी बिड टाकल्या. कुणाकडे विमानतळ, कुणाकडे व्यावसायिक संघांचं स्टेडियम. आम्ही कुठेच नव्हतो. मला वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. मला त्या हिवाळ्यात झोप चांगली लागली.

नंतर मी एकदा तसल्या एका शहरातली स्पर्धा बघायला गेले. सगळं व्यवस्थित. सरकते जिने, इस्त्री केलेले टी-शर्ट, स्कोअरबोर्ड आमच्या लायब्ररीएवढा. त्या अवाढव्य स्टेडियमच्या एका कोपऱ्यात आईबाप बसलेले आणि मुलींनी एकमेकींना मारलेल्या हाका रिकाम्या बाकांवर आपटून परत येत होत्या. सामना संपल्यावर हरलेला संघ मागच्या बाजूला, माल उतरवतात तिथे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी बसची वाट बघत होता. कुणाची चूक नव्हती, बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मी जाऊन उभी राहिले. एका मुलीने विचारलं, "तुम्ही कुणाची आई?"

"कुणाचीच नाही," मी म्हटलं. "बस येईपर्यंत थांबलेय."

तिने बॅग जरा सरकवून मला जागा करून दिली. बस उशिरा आली. माझे पाय दुखत होते आणि बऱ्याच वर्षांनी मला वर्ध्याच्या स्टँडवर उभे असलेले वडील आठवले. तेही नुसते उभे असत.

आज दुपारी दुसरा घाणा मशीनमध्ये टाकून मैदानावर गेले होते. आमच्या मुलींची प्रॅक्टिस चालू होती. टेसा, आमची गोलकीपर, दुसऱ्या वर्षात आहे. जोडावरच्या पट्टीत तिचं पॅड अडकलं आणि ती आडवी झाली. उठून तिने पट्टी बुटाने दाबून बसवली, आपण गालिच्याचं टोक बसवतो तशी. मला बघून जाळीपाशी आली.

"बिड जाणार ना?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही. माझी आईपण असंच म्हणते."

"तुझी आई दमलेली असेल."

"हो, असतेच," टेसा म्हणाली आणि हेल्मेट घालून परत गोलमध्ये जाऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी तिथे गोल असेल की नाही हे तिला ठाऊक नाही. ते माझ्या हातात आहे, हेही कदाचित नसेल ठाऊक.

घरी येताना प्राजक्ताचा फोन आला. ती आता पार पश्चिम टोकाला, रेडमंडला असते, सॉफ्टवेअरमध्ये. खिडकीबाहेर पाऊस आणि मीटिंगमागून मीटिंग, असं तिचं चाललेलं असतं. तिला श्रीकांतने कळवलं असणार.

"काकू, टाका ना बिड. मी सुट्टी काढून येते."

"आणि वाजवणार कोण? तुझ्या पथकातलं तिथे कुणी उरलं नाही."

"नवीन पोरं आहेत. मी नंबर देते."

"त्यांना मी ओळखत नाही."

"मला कुठे ओळखत होतात? स्टेट कॉलेजच्या इंडियन स्टोअरमध्ये मेथीवरून भांडलो होतो आपण."

"शेवटची जुडी होती. आणि मी आधी उचलली होती."

"नाही हं, काकू."

तिला कसं सांगायचं? भीती नाही वाटत, आळसही नाही. दमले आहे मी. गुडघे जिन्यावर बोलतात. टॉवेल, केळी, पार्किंगचे शंकू, समितीचे ईमेल, हे सगळं डोळ्यांपुढे येतं आणि मला खाली बसावंसं वाटतं. शिवाय आता मला शेवटही माहीत आहे. आपण जीव तोडून पाहुणचार करायचा, खेळाला चार माणसं बघायला लागली की मोठी शहरं येऊन तो घेऊन जाणार. त्यांचंही बरोबर आहे. मुलींना मोठं स्टेडियम का मिळू नये? पण त्या स्टेडियमच्या मागच्या दारात कुणी उभं नसतं, आणि ते काम कुणाकडे आहे असं कुठल्याच बिडमध्ये विचारत नाहीत.

संध्याकाळी दोरीखाली खुर्ची टाकून बसले. एका जॅकेटच्या बाहीवर फिकट गुलाबी डाग आहे. मार्जीच्या मांडीवर होतं ते बहुतेक हेच. किती वेळा धुतलं तरी जात नाही. हळद-कुंकवाचा असेल, नाहीतर हॉटडॉगवरच्या सॉसचा. मी नाक लावून पाहिलं. साबणाचा वास होता.

१२ नोव्हेंबर. सकाळी उठल्याउठल्या मी फायर हॉलला फोन केला. वॉल्टच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, आता तो नुसता फोनवर बसतो.

"गाडी मिळेल का?" मी विचारलं.

"कधी?"

"यजमानपद मिळालं तर. दोन वर्षांनी."

वॉल्ट म्हणाला, "मिळेल. पण या खेपेला बसमध्ये कोण आहे ते बघून हात कर."

"बघणार नाही," मी म्हटलं. "जी येईल ती आण."

मग ऑफिसला जाऊन डेव्हची सही घेतली आणि बिड पाठवून दिली. घरी आले तर जॅकेटं अजून दमटच होती. काढून ड्रायरमध्ये घातली.